गाडीआधी बायोप्सीचा वार ठरवा

भुदरगड तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिव ताईंनी विचारलंय: त्यांच्या थोरल्या जावेने छातीतली गाठ वर्षभर कुणाला दाखवली नाही. कोल्हापूरला नेलं तेव्हा आजार हाडांत उतरला होता. ती गेल्यावर गावच्या मुंबईकर मंडळाने मॅमोग्राफीचं यंत्र बसवलेली फिरती गाडी घ्यायचं ठरवलं आणि वर्गणी सुरू झाली. ही गाडी घ्यावी का? आणि पाटगाव खोऱ्यातल्या वाड्या, धनगरवाडे इथपर्यंत तपासणी पोचवायची तर सुरुवात कुठून करायची?

ताई, जावेचं वाचून फार वाईट वाटलं. कोल्हापूर परिसरात शल्यचिकित्सक म्हणून काम करताना मला सव्वीस वर्षं झाली. ‘वर्षभर दाखवलंच नाही’ हे मी इतक्या बायकांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या तोंडून ऐकलंय की तुमची जाऊ मला ओळखीची वाटली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. गाडी आत्ता घेऊ नका. वर्गणी मात्र थांबवू नका, तिचा उपयोग कुठे करायचा ते पुढे सांगते.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. हाताला न लागणारी, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ किंवा कॅल्शियमचे बारीक कण दिसावेत म्हणून ते यंत्र असतं. आपल्या भागातून माझ्याकडे येणाऱ्या बायकांची गाठ आवळ्याएवढी, लिंबाएवढी असते. कधी कातडी फुटून जखम झालेली असते. हाताला सहज लागणारी गाठ जिथे वर्षभर पदराखाली राहते, तिथे हाताला न लागणारी गाठ शोधायचं यंत्र ही पहिली गरज नव्हे. शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतो. चाळिशीच्या आसपासच्या बाईचा स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. ती फिल्म वाचायला अनुभवी रेडिओलॉजिस्ट लागतो आणि गाडी घेतली म्हणून तो मिळत नाही. घाटरस्ता, पावसाळ्याचे चार महिने, जनरेटर, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, दरवर्षीचा देखभाल करार, हे सगळं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली मॅमोग्राफीबद्दल भूमिका मांडली, तिचंही सार असंच आहे. जिथे आरोग्ययंत्रणा दुबळी आहे, तिथे सरसकट मॅमोग्राफीच्या मागे लागण्याऐवजी ज्या बाईला लक्षण दिसतंय तिचं निदान लवकर करण्यावर भर द्यावा.

मंडळाला हे पटवणं जड जाईल, याची मला कल्पना आहे. गाडी डोळ्यांना दिसते. ज्यांनी मुंबईत खोलीत दाटीवाटीने राहून पै-पै साठवली, त्यांना आपल्या पैशाचं काहीतरी गावात उभं राहिलेलं पाहायचं असतं, आणि त्यात वावगं काही नाही. म्हणून त्यांना पुढचा हिशोब दाखवा.

२०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या. देशातल्या बायकांच्या संख्येवर हे वाटलं तर लाखामागे २८ च्या आसपास येतात. खेड्यात प्रमाण शहरापेक्षा कमी असतं. म्हणजे ३० हजार लोकवस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला दोन, तीन, फार तर चार नव्या बायका. या तिघी-चौघींना गाठ लहान असताना गाठायचं आणि उपचार पुरे होईपर्यंत सोडायचं नाही, एवढंच हे काम आहे. संख्येने छोटं वाटतं. पण त्या चौघींसाठी हजारो बायकांना हात लावून पाहावं लागतं, आणि ज्यांना गाठ लागते त्यातल्या बहुतेकींची गाठ साधीच निघते. त्या प्रत्येकीला ‘तुझी साधी आहे’ हे खात्रीने सांगणारी सोय हाताशी नसेल, तर तपासणी म्हणजे गावात भीती सोडून निघून येणं.

ही चूक मी स्वतः केलीय. पंधराएक वर्षांपूर्वी राधानगरीकडच्या एका गावात आम्ही मोठं शिबिर घेतलं. शाळेच्या वर्गांना पडदे लावले, दिवसभर बायकांची रीघ होती, संध्याकाळी हात भरून आले होते. ज्यांना गाठी लागल्या त्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि ‘कोल्हापूरला येऊन दाखवा’ असं सांगून आम्ही परतलो. तीन महिन्यांनी यादी काढून बघितली तर निम्म्याही आल्या नव्हत्या. एक बाई आली होती, पण त्या दिवशी सोनोग्राफीचा नंबर लागला नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा सुई टोचणारे डॉक्टर रजेवर होते. तिसऱ्यांदा ती आली नाही. दीड वर्षाने आली ती काखेत गाठी घेऊनच. मी तिला चिठ्ठी दिली होती, माझ्याच अक्षरात होती ती. तेव्हापासून मी माझ्यापुरता नियम करून घेतलाय: बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायचा, वार, जागा आणि डॉक्टर ठरल्याशिवाय एकाही बाईच्या छातीला तपासणीसाठी हात लावायचा नाही.

म्हणून पहिला खर्च आणि पहिली धावपळ बायोप्सीसाठी करा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटा, कोल्हापुरात सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, शल्यचिकित्सा विभागाकडे जा. मागणी एकच ठेवा: पंधरवड्यातून एक ठरलेला वार. त्या दिवशी गारगोटीला एक सर्जन, सोनोग्राफीची सोय आणि कोअर बायोप्सीची सुई. या सुईने पेन्सिलीतल्या शिशाएवढा मांसाचा तुकडा निघतो. जागा बधिर करून पंधरा मिनिटांत काम होतं आणि बाई त्याच दिवशी संध्याकाळच्या धारेला घरी पोचते. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून कोल्हापूरला पाठवायचा. खोऱ्यातून बाईला कोल्हापूरला न्यायचं तर तिचा दिवस जातो, सोबत येणाऱ्याचा रोजगार जातो, एसटीचं भाडं जातं. बाटलीला यातलं काही लागत नाही. बाटली फिरवा, बाईला फिरवू नका. माझ्या मते मंडळाच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे: सुया, बाटल्या, पॅथॉलॉजीची फी आणि ईआर, पीआर, हर-टू या, गाठ कोणत्या औषधाला दाद देईल ते सांगणाऱ्या पुढच्या चाचण्यांचा खर्च. यातला बराचसा भाग रुग्णालयात दाखल होण्याआधीचा असतो, त्यामुळे तो अनेकदा घरच्यांच्या खिशातून जातो आणि गाडं तिथेच अडतं.

एक सावधगिरी इथेच सांगते. कुणी तुम्हाला सोनोग्राफीचं छोटं यंत्र पिशवीत घालून वाडीवर नेऊ असं सुचवील. गर्भलिंग निदान विरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राला जागेची नोंदणी आणि कडक अटी आहेत. त्या वाटेला जाऊ नका, सोनोग्राफी गारगोटीलाच होऊ दे.

आता वाडीवर काय करायचं? तिथे शिकवलेला हात लागतो. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, त्यामागे आपल्याच राज्यातलं काम आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये दहावी झालेल्या स्थानिक बायकांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करवली, अशा चार फेऱ्या केल्या. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. आजार पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होतं, तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही तितकंच स्पष्टपणे सांगायला हवं. दहावी झालेली बाई नीट शिकली तर जीव वाचवू शकते, हे यातून दिसलं. तुमच्या उपकेंद्रांत तर नर्सिंग शिकलेल्या सिस्टर आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत.

आणि सरकारी नियमानेही हे काम त्यांचंच आहे. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशीपुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी व्हायला हवी. तोंडाची आणि गर्भाशयमुखाचीही. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्न असतोच. प्रत्यक्षात, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना ‘कधी स्तन तपासून घेतले का’ असं विचारलं तेव्हा देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकसुद्धा नाही. कागदावर कार्यक्रम आहे. त्याला हात आणि वेळ द्यायचाय.

हात कसा शिकवायचा यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रशिक्षणात सगळ्यात जास्त घाई इथे होते. एका दुपारच्या भाषणाने, पडद्यावरच्या चित्रांनी हे येत नाही. मधल्या तीन बोटांच्या गादीने, टोकांनी नव्हे, गोल फिरवत तपासायचं. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत, भांगलणीला सरीमागून सरी घेतात तशा उभ्या पट्ट्या घ्यायच्या, एकही सरी सोडायची नाही. प्रत्येक जागी तीनदा दाब: आधी कातडीपुरता हलका, मग मध्यम, मग फासळी लागेपर्यंत. मग काख, मग गळपट्टीच्या वरची जागा. आधी बसवून दोन्ही हात वर करायला लावून नुसतं बघायचं: कुठे खळी पडतेय का, बोंड आत ओढलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंडातून लाल पाणी येतं का. नीट केलं तर एका बाईला सात-आठ मिनिटं लागतात. ज्या शिबिरात तासाला तीस बायका ‘तपासल्या’ जातात तिथे तपासणी झालेली नसते. सिलिकॉनच्या नमुन्यात लपवलेल्या गाठी सिस्टरनी शोधून दाखवल्या पाहिजेत. त्यानंतर माझ्यासारख्या कुणाच्या सोबत पन्नासेक बायका तपासायच्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची. हात विसरतो.

हे काम कुणाला पटवून द्यायची वेळ आली की मी म्हशीचं उदाहरण देते, आणि तुम्ही दूध संस्थेतल्या म्हणून तुम्हाला ते लगेच कळेल. धार काढताना सडाला बारीकशी गाठ लागली, कास जरा कडक वाटली, की बाई त्याच सकाळी ओळखते. दगडी होतेय म्हणून दुपारपर्यंत जनावरांचा डॉक्टर गोठ्यात असतो. त्याच बाईच्या बोटांना स्वतःच्या अंगातली गाठ कळत नाही असं होईल का? कळते. ती बोलत नाही. का बोलत नाही, ते मी वर्षानुवर्षं विचारत आलेय. सगळ्यात जास्त वेळा उत्तर येतं, ‘दुकत न्हवतं की ओ मॅडम.’ दुखलं असतं तर ती आली असती. या आजाराची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे वाक्य आपल्या भागात कुणी घरोघर पोचवलं नाही. गावात पोचवायचं एकच वाक्य निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन: न दुखणारी गाठ आधी दाखवा.

दुसरं उत्तर ‘पोरीचं लगीन ठरत हुतं.’ घरात तसला आजार आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, ही भीती खरी आहे आणि ती बाई मुलीसाठी स्वतःचा जीव पणाला लावत असते. म्हणून यादी गुप्त ठेवा. तपासणीला आलेल्या बायकांचे फोटो काढू नका, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावं टाकू नका, ‘संशयित’ हा शब्द माइकवरून उच्चारू नका. तुमची आशाताई त्याच गावची, कदाचित भावकीतलीच असते, त्यामुळे काही बायका तिच्यापुढे बोलणार नाहीत. त्यांच्यासाठी शेजारच्या उपकेंद्रात जायची मुभा ठेवा. तिसरं उत्तर ‘सुई लावली की पसरतंय.’ गावात कुणालातरी उशिरा सुई लावलेली असते, तो माणूस दोन महिन्यांत जातो आणि दोष सुईला लागतो. यावर माझ्या व्याख्यानाने फारसा फरक पडलेला मला आठवत नाही. बायोप्सी करून, ऑपरेशन करून दहा वर्षं ठणठणीत असलेली एखादी मावशी पुढे येऊन बसली आणि म्हणाली ‘माझीबी लावली हुती’, की पडतो. अशी एक तरी मावशी तालुक्यात असणारच. तिची तयारी असेल तरच तिला सोबत घ्या.

वेळ तुम्ही माझ्यापेक्षा चांगली ठरवाल. सकाळ-संध्याकाळ दुधाची, जून-जुलै रोप लावणीचे, मग भांगलण, मग भातकापणी. मला जमलेली वेळ दुपारी बारा ते तीन, आणि भातकापणीनंतरचे महिने. गौरी-गणपतीत माहेरवाशिणी येतात, पण घरात दहा माणसं असतात, त्यामुळे तेव्हा तपासणी नको, बोलणं चालेल. जागा म्हणून उपकेंद्राची खोली, कडी असलेली, खिडकीला पडदा असलेली. शाळा नको. दूध संस्थेत तपासणी नको, तिथे पुरुषांचा राबता असतो. पण निरोपासाठी दूध संस्थेसारखी जागा दुसरी नाही. डेअरीवर दिवसातून दोनदा गाव येतं. दूधबिलाच्या दिवशी सही करायला आलेल्या बाईच्या हातात तारखेची चिठ्ठी दिली तर ती पोचते.

आता ज्यांच्याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचंय त्या बायका: साठीच्या आसपासच्या आज्या. तपासणीला तरण्या सुना येतात, कारण त्यांना दवाखान्याची सवय असते, बाळंतपणामुळे सिस्टरशी ओळख असते. सासू घरी जनावरांपाशी थांबते. ‘माझं काय आता, वय झालं, पोरीस्नी बघा’ असं म्हणते. मुंबईच्या अभ्यासात जीव वाचले ते पन्नाशीपुढच्या बायकांचे. ज्या वयात या तपासणीचा फायदा नक्की दिसलाय, त्याच वयाची बाई रांगेत नसते. पाळी गेली की आरोग्यखात्याचा आणि बाईचा संबंधच संपतो, हे आपल्या व्यवस्थेचं मोठं दुखणं आहे. पैसे आणि सिस्टरचा वेळ कमी असेल तर माझा सल्ला असा: तिशीपासून कुणालाही नाकारू नका, पण घरी जाऊन, हाताला धरून आणायचं ते ४५ ते ६५ वयाच्या बायकांना. विधवा, एकट्या राहणाऱ्या, धनगरवाड्यावरच्या आधी. त्या दिवशी त्यांच्या म्हशीची वैरण कोण टाकणार ते आधी ठरवा. माझ्या अनुभवात आजी न येण्याचं कारण बरेचदा तेवढंच असतं.

तरण्या बायकांच्या बाबतीत उलट काळजी घ्यायची. तिशीच्या आत बहुतेक गाठी साध्या, बोटाखालून सटकणाऱ्या असतात. पाळीच्या आधी स्तन भरून येतात, तेव्हा सगळंच गाठाळ लागतं. अशा बाईला पाळी सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलवायचं. चाळिशीच्या आत संशय असला तर आधी सोनोग्राफी. अंगावर पाजणारीच्या गाठीला ‘दूध गाठलंय’ म्हणून महिनोन्महिने शेकत बसू नये. दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर गारगोटीच्या वाराला पाठवा. आई किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार कमी वयात झाला असेल तर ते नोंदवून त्या बाईला मोठ्या केंद्राचा सल्ला मिळवून द्या.

स्वतःची तपासणी स्वतः करण्याचे वर्ग घ्यावेत का, असं मंडळातलं कुणी विचारील. शांघायमध्ये कापडगिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक कामगार बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून दरमहा ठरावीक पद्धतीने तपासा असा धोशा मी लावत नाही. अंग ओळखीचं ठेवा, आंघोळ करताना काही वेगळं लागलं तर आठवड्यात दाखवा, एवढं पुरे. हातात धरून फिरवायची नवी यंत्रंही विकायला येतील. ती सिस्टरच्या हाताला जोड म्हणून चालतील, पण त्यांनी दाखवलेल्या लाल खुणेनंतरही बायोप्सी लागतेच, म्हणजे आपण पुन्हा त्याच वारापाशी येतो.

निदान झाल्यावर खरी दमछाक सुरू होते. शस्त्रक्रिया, मग केमोथेरपीच्या बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ फेऱ्या, मग रेडिएशन. पूर्वी रेडिएशनला पाच आठवडे लागायचे, आता अनेक जणींचं तीन आठवड्यांत होतं, पण रविवार-सुट्टी सोडून रोज जावं लागतं. ईआर, पीआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं. गोळी स्वस्त आहे, पण बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या वर्षी बंद केलेल्या बायका मला कितीतरी भेटल्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे आणि कर्करोगाचे मोठे उपचार त्यात बसतात. पण रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, कुठे माहेरचं आडनाव, कुठे जन्मसाल चुकलेलं, यात पंधरा-पंधरा दिवस जाताना मी पाहिलेत. हे काम तुम्ही आधीच करू शकता. बायोप्सीच्या दिवशीच कागद तपासा, नावात फरक असेल तर अहवाल यायच्या आत दुरुस्तीला टाका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राचा नंबर संस्थेच्या भिंतीवर लावा.

राहण्याजेवणाची सोय हाही उपचारच समजा. आसाममधल्या सिल्चरच्या कचार कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. रवी कन्नन यांनी रुग्णांना मोफत राहणं-जेवण आणि सोबतच्या नातेवाइकांना तात्पुरतं काम दिलं, कारण लोक मजुरी बुडते म्हणून उपचार अर्धे सोडत होते. त्यानंतर उपचार पुरे करणाऱ्यांचं प्रमाण खूप वाढलं. त्यांना २०२३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मुंबईकर मंडळाने गाडीऐवजी कोल्हापुरात, किंवा जिथे रेडिएशन होईल तिथे, दोन खोल्या भाड्याने घेतल्या तर खोऱ्यातल्या बायकांचं रेडिएशन मधेच सुटायचं नाही. खोलीच्या दारावर मंडळाचं नाव घालता येईल, ते त्यांना नक्की सांगा. सोबत येणाऱ्याला दिवसाची मजुरी द्या. बहुतेक वेळा ती बहीण किंवा लेक असते आणि तिच्या घरी ‘किती दिवस चाललंय हे’ असं विचारणारं कुणीतरी असतं.

उसाच्या हंगामात तोडणीला येऊन कोप्यांवर, म्हणजे तळावरच्या झोपड्यांत, राहणाऱ्या बीडकडच्या बायका तुमच्या यादीत कुठेच नसतील. त्या ना इथल्या, ना त्या काळात तिथल्या. साखर कारखान्याच्या तळावर हंगामाच्या सुरुवातीलाच एक दुपार द्या. शेवटच्या महिन्यात नको, कारण अहवाल यायच्या आत टोळी परत जाते. गाठ सापडलीच तर मुकादमाला कळवू नका. बाईच्या गावच्या आरोग्य केंद्राशी तुम्हीच फोनवर बोला.

मोजदाद कशाची ठेवायची? ‘इतक्या हजार बायकांची तपासणी’ हा आकडा फलकावर चांगला दिसतो, पण त्यावरून काम कळत नाही. एक वही करा आणि त्यात गाठ सापडलेल्या प्रत्येक बाईची एक ओळ. गाठ किती सेंटिमीटर होती, पहिल्यांदा दाखवल्यापासून अहवाल हातात यायला किती दिवस लागले, उपचार पुरे झाले की नाही. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी तीन खुणा घालून दिल्यात: किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं आणि ८० टक्क्यांनी उपचार पुरे करावेत. वर्षाला तीन-चार नव्या रुग्णांच्या हद्दीत टक्केवारी काढू नका, प्रत्येकीचं नाव घेऊन बोला. वही संस्थेत नको, सिस्टरच्या कपाटात, कुलपात.

मंडळाची बैठक कधी आहे ते कळवा, मुंबईला यायची माझी तयारी आहे. त्याआधी तुम्ही गारगोटीला जाऊन अधीक्षकांना एवढंच विचारा की महिन्यातले कोणते दोन वार मोकळे आहेत आणि तिथे सोनोग्राफी कोण करतं. सिलिकॉनचे दोन नमुने माझ्याकडे आहेत, सिस्टरांच्या प्रशिक्षणाला ते घेऊन येते. खोऱ्यातल्या चार उपकेंद्रांपासून सुरू करू. पहिल्या दिवशी तुमच्या सासूबाईंना आणा, वैरणीचं बघून.